दरवाजे बंद असताना क्लबमध्ये कसे राहावे : स्कॉटलंडमधील फुटबॉल समर्थकांसाठी

१३ मार्च २०२० रोजी, शुक्रवारी, कोरोनाच्या महासाथीमुळे स्कॉटिश फुटबॉल असोसिएशन आणि स्कॉटिश प्रोफेशनल फुटबॉल लीग या दोन्ही संस्थांनी देशातील सर्व फुटबॉल थांबवले. आदल्याच रात्री ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर रेंजर्स आणि बायर लेव्हरकुसेन यांचा युरोपा लीगचा सामना हजारो प्रेक्षकांसमोर झाला होता आणि आमच्या क्लबच्या समर्थकांची बस शनिवारी सकाळी निघणार होती. ती बस निघाली नाही. त्यानंतर स्वतःच्या आसनावर परत बसायला मला सतरा महिने लागले.

त्या सतरा महिन्यांत मी आणि माझ्या सोबतचे समर्थक जे शिकलो, ते पुन्हा अशी वेळ आल्यास कोणाच्या तरी उपयोगी पडावे म्हणून इथे क्रमाने लिहिते आहे. माझा क्लब खालच्या श्रेणीतला आहे, घरच्या सामन्याला काही शे माणसे येतात आणि फाटकावर तिकिटे तपासणाऱ्यांपासून गवत कापणाऱ्यांपर्यंत बरेचसे काम स्वयंसेवकच करतात. क्लबचे नाव मी देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या काही चुका या स्वयंसेवकांच्या हातून झालेल्या आहेत आणि ती सगळी आमचीच माणसे आहेत.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते. समर्थकाचे क्लबशी असलेले नाते प्रेमावर उभे असते हे खरे, पण ते टिकते सवयीवर. दर दुसऱ्या शनिवारी त्याच वाटेने जाणे, त्याच माणसांशेजारी बसणे, मध्यंतरात त्याच खिडकीसमोर पाय (pie, म्हणजे मांस भरलेली गरम पेस्ट्री) आणि बोव्हरिल (गोमांसाच्या अर्काचे गरम पेय) यांसाठी रांग लावणे, हे वर्षानुवर्षे चालते म्हणून क्लब जगतो. सामने थांबले की प्रेम लगेच आटत नाही, परंतु सवय मात्र सहा-सात आठवड्यांत मोडते आणि एकदा शनिवार दुसऱ्या कामांनी भरला की तो परत मोकळा होत नाही. म्हणून पुढची प्रत्येक सूचना ही सवय हाताने धरून ठेवण्यासाठी आहे.

आधी पैशांचा निर्णय

स्कॉटलंडमध्ये पैशांचा प्रश्न पहिला घ्यावा लागतो, त्याला कारण आहे. इंग्लंडमधील वरच्या क्लबांचे बरेचसे उत्पन्न दूरचित्रवाणीच्या हक्कांतून येते, तर स्कॉटलंडमधील क्लब मुख्यतः फाटकावर जमा होणाऱ्या पैशांवर चालतात. युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेच्या अहवालाचा आधार देऊन त्या काळात वारंवार सांगितला जाणारा आकडा ४३ टक्के होता, म्हणजे स्कॉटिश फुटबॉलच्या एकूण उत्पन्नातील इतका वाटा तिकिटांतून येत होता. शिवाय लोकसंख्येच्या मानाने सामन्याला जाणाऱ्यांची संख्या पाहिली तर हा देश युरोपात अग्रभागी आहे. जी गोष्ट एरवी अभिमानाची, तीच मैदाने बंद झाल्यावर सर्वांत मोठा धोका ठरते.

सामने थांबल्यापासून पहिल्या आठवड्यातच कागद घेऊन बसावे आणि तीन आकडे लिहावेत. हंगामी तिकिटापोटी भरलेल्या रकमेतील न झालेल्या सामन्यांचा वाटा किती, हा पहिला. प्रत्येक सामन्यामागे बस, पाय, सामन्याची पुस्तिका आणि मध्यंतरातील फिफ्टी-फिफ्टी सोडत (जमलेले अर्धे पैसे विजेत्याला, अर्धे क्लबला) यांवर एरवी होणारा आणि आता वाचणारा खर्च किती, हा दुसरा. पुढील तीन महिन्यांत घरात नक्की किती पैसे येणार, हा तिसरा. आणि तो लिहिल्याशिवाय पहिल्या दोहोंविषयी काहीही ठरवू नये. २०२० मध्ये अनेकांना सरकारच्या फर्लो योजनेतून पगाराच्या ८० टक्के, महिन्याला जास्तीत जास्त २,५०० पाउंड मिळत होते. पण हंगामी काम करणारे आणि नुकतेच स्वतःचा व्यवसाय सुरू केलेले बरेच जण कोणत्याच योजनेत बसत नव्हते.

तिसरा आकडा अपुरा असेल तर क्लबकडे पैसे परत मागावेत आणि त्याबद्दल मनात कसलाही अपराधीपणा ठेवू नये. ज्यांनी परतावा मागितला त्यांना आमच्या काही समर्थकांनी टोमणे मारले होते आणि मला अजूनही त्याची लाज वाटते, कारण त्यांतील एक कुटुंब क्लब पुन्हा सुरू झाल्यावरही परतले नाही. दुसऱ्याच्या घरातला तिसरा आकडा आपल्याला माहीत नसतो.

पैशांची अडचण नसेल तर रक्कम क्लबकडेच राहू द्यावी. मात्र नुसते गप्प बसू नये, तसे लेखी कळवावे. ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण आमच्या क्लबचा हिशेब पाहणाऱ्या स्वयंसेविकेने मला तिचे महत्त्व समजावून सांगितले. जे पैसे उद्या परत मागितले जाऊ शकतात, ते हातात असूनही खर्च करता येत नाहीत, त्यांतून खेळाडूचा पगार किंवा विजेचे बिल भरण्याचे आश्वासन देता येत नाही. ‘माझ्या हंगामी तिकिटाची उरलेली रक्कम परत नको’ असे एका ओळीचे पत्र आले की तेच पैसे खऱ्या अर्थाने क्लबचे होतात.

वाचलेल्या खर्चातून मदत करायची असेल तर एकदम मोठी देणगी देण्याऐवजी दरमहा ठरावीक लहान रक्कम द्यावी, कारण महिन्याला निश्चित येणाऱ्या पैशांवर आखणी करता येते. एडिनबरोच्या हार्ट्स क्लबचे उदाहरण इथे सर्वांत बोलके आहे. तिथल्या समर्थकांची ‘फाउंडेशन ऑफ हार्ट्स’ ही संस्था कितीतरी वर्षे मासिक वर्गणी गोळा करत होती. महासाथीत संघाला खालच्या श्रेणीत उतरवले गेले, मैदान बंद राहिले, तरीही हजारो लोकांनी वर्गणी चालू ठेवली आणि ३० ऑगस्ट २०२१ रोजी क्लबचे बहुसंख्य समभाग समर्थकांच्या हाती आले. त्याच वर्षी सेंट मिरनमध्येही समर्थकांच्या संस्थेने बहुमताचा हिस्सा मिळवला. मदरवेलची वेल सोसायटी तर त्याआधीपासूनच मालक होती. आपल्या क्लबजवळ अशी संस्था असेल तर तिचे सदस्य व्हावे. परंतु आपले पैसे क्लबच्या चालू खर्चाला जाणार आहेत, समभाग घेण्यासाठी जाणार आहेत की अडीअडचणीसाठी राखून ठेवले जाणार आहेत, हे आधी विचारून घ्यावे. तिन्ही उद्देश चांगले आहेत, पण ते वेगवेगळे आहेत.

बाहेरून आलेल्या मदतीकडेही समर्थकाने लक्ष ठेवावे. २०२० च्या उन्हाळ्यात जेम्स अँडरसन या दानशूर गुंतवणूकदाराने दिलेल्या देणगीतून लीगच्या ४२ क्लबांना प्रत्येकी ५०,००० पाउंड मिळण्याची सोय झाली. डिसेंबर २०२० मध्ये स्कॉटिश सरकारने फुटबॉलसाठी ३ कोटी पाउंडांची तरतूद जाहीर केली, त्यात प्रीमियरशिपच्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीच्या, क्लबांसाठी कर्ज होते आणि खालच्या स्तरांसाठी अनुदान होते. कर्ज आणि अनुदान यांतला फरक आनंदाच्या भरात विसरला जातो. कर्ज फेडावे लागते, म्हणून आपल्या क्लबने कर्ज घेतले असेल तर ते कोणत्या उत्पन्नातून आणि किती वर्षांत फेडणार, हा प्रश्न वार्षिक सभेत विचारणे हे समर्थकाचे कामच आहे.

शनिवार, दुपारचे तीन

प्रीमियरशिप १ ऑगस्ट २०२० रोजी प्रेक्षकांविना सुरू झाली आणि खालच्या तिन्ही श्रेणी, म्हणजे अनुक्रमे चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू झाल्या, तेही कमी सामन्यांचा हंगाम ठरवून. चॅम्पियनशिपला एरवीच्या ३६ ऐवजी २७ सामने मिळाले. लीग वन आणि लीग टू जानेवारीत पुन्हा थांबवल्या गेल्या आणि त्या हंगामात अखेर २२ सामन्यांवर आटोपल्या. सामने घरात बसून पाहायचे म्हणजे क्लबने स्वतः चालवलेल्या प्रक्षेपणावर, म्हणजे सगळे ज्याला स्ट्रीम म्हणत त्यावर, अवलंबून राहणे आले.

स्ट्रीमचे पैसे नेहमी क्लबच्या अधिकृत पानावरूनच भरावेत. फुकट मिळणारी चोरटी लिंक घेतली की तेवढे पैसे थेट आपल्या फाटकातून चोरल्यासारखे होते, कारण त्या वर्षी स्ट्रीम हेच फाटक होते. परगावी असलेल्या सामन्याचे पैसे बहुतेक वेळा यजमान क्लबला जातात, ते घेतानाही हात आखडता घेऊ नये. आपला संघ तिकडे जातो तेव्हा आपण एरवीही त्यांच्या फाटकावर पैसे देतोच, आणि समोरचा लहान क्लब बुडाला तर आपल्याला खेळायला कोणी उरणार नाही.

लहान क्लबांचे प्रक्षेपण अनेकदा माणसाविना, चेंडूचा आपोआप माग घेणाऱ्या कॅमेऱ्याने होत असे. ऑक्टोबर २०२० मध्ये इन्व्हरनेस कॅलेडोनियन थिसल आणि एअर युनायटेड यांच्या सामन्यात अशा कॅमेऱ्याने रेषेवरच्या सहायक पंचांच्या टक्कल पडलेल्या डोक्याला चेंडू समजून वारंवार त्यांचाच पाठलाग केला आणि ही बातमी जगभर गेली. आमच्या स्ट्रीमवर पहिल्या सामन्यात पंधरा मिनिटे आवाजच नव्हता आणि तिसऱ्या सामन्यात एकमेव गोल झाला तेव्हा चित्र गोठलेले होते. अशा वेळी रागाने संदेश पाठवण्याआधी हे ध्यानात घ्यावे की स्टँडच्या छपराखाली गारठ्यात कॅमेरा सांभाळणारा मुलगा बहुधा कोणाचा तरी शाळकरी भाचा असतो. दोष कळवावा, पण तो सामना संपल्यावर, वेळ आणि नेमकी अडचण नोंदवून, म्हणजे पुढच्या वेळी दुरुस्ती करता येते.

सामन्याच्या दिवशी पाऊण तास आधी लॉगिन करून पाहावे आणि शक्य असेल तर वायफायऐवजी तारेने जोडणी घ्यावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेळ मोडू नये. सामना नंतरही पाहता येतो, म्हणून बाजारहाट उरकून पाच वाजता पाहू, असा विचार मनात येतो. पण तीनला सुरू होणारा सामना तीनलाच पाहावा, गळ्यात मफलर घालून पाहावा आणि फोन फक्त ज्यांच्याशी मैदानात बोलतो त्यांच्यासाठीच चालू ठेवावा. ही बाह्य चिन्हे आहेत आणि ती पुरेशी नाहीत हे मला मान्य आहे. तरीही ज्यांनी ती पाळली त्यांपैकी जवळजवळ सगळे मला पुढच्या वर्षी स्टँडमध्ये दिसले.

दोघे-तिघे मिळून फोनवर बोलत सामना पाहणार असाल तर एक अडचण येते आणि तिचा उपाय सोपा आहे. प्रत्येक घरातले चित्र काही सेकंद पुढे-मागे असते, त्यामुळे एकाच्या ओरडण्यावरून दुसऱ्याला गोल आधीच कळतो आणि सगळी मजा जाते. म्हणून सुरुवातीलाच, मध्यरेषेवरून चेंडूला पहिला पाय लागताना प्रत्येकाने ‘आता’ म्हणावे आणि ज्याचे चित्र पुढे असेल त्याने तेवढे सेकंद थांबवून घ्यावे. रेडिओवरचे समालोचन ऐकत चित्र पाहणाऱ्यांना हा ताळमेळ बसवणे जड जाते, कारण रेडिओ बराच पुढे असतो.

ज्यांच्याकडे स्ट्रीम पोहोचत नाही त्यांचा विचार

आमच्या स्टँडमध्ये माझ्या डाव्या हाताला ऐंशीच्या पुढचे एक गृहस्थ बसत. वीस वर्षे मी त्यांच्या शेजारी बसले होते, त्यांच्या गुडघ्याचे दुखणे, त्यांची दिवंगत पत्नी, १९६० च्या दशकातील आमचा गोलरक्षक, सगळे मला ठाऊक होते. पण त्यांचा पत्ता ठाऊक नव्हता, दूरध्वनी क्रमांक ठाऊक नव्हता आणि आडनावही नीट ठाऊक नव्हते. मैदान बंद झाल्यावर तीन आठवड्यांनी मला हे उमगले, तेव्हा खरोखर घाबरायला झाले. त्यांच्याजवळ संगणक नव्हता, म्हणजे क्लबचे ईमेलही त्यांना मिळत नव्हते.

म्हणून या मार्गदर्शनातील सर्वांत महत्त्वाचे काम हे समजावे, आणि ते मैदान बंद होण्याची वाट न पाहता आजच करावे. आपल्या आसनाच्या डावीकडच्या, उजवीकडच्या, पुढच्या आणि मागच्या माणसाचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक विचारून वहीत लिहून ठेवावा. आपल्याकडे नसेल तर क्लबच्या कार्यालयात हंगामी तिकिटाच्या नोंदी असतात. क्लब दुसऱ्याचा क्रमांक आपल्याला देणार नाही आणि देऊही नये, पण आपला क्रमांक त्या व्यक्तीपर्यंत पोहोचवण्याची विनंती जरूर करता येते. मी तेच केले. त्या गृहस्थांचा फोन दोन दिवसांनी आला आणि पहिले वाक्य होते, ‘शनिवारी कोण खेळणार होते गं आपल्याशी?’

पुढे आम्ही समर्थकांनी फोनची साखळी केली. क्लबनेही ज्येष्ठ तिकीटधारकांना विचारून त्यांच्या संमतीने यादी केली आणि प्रत्येक स्वयंसेवकाकडे पाच-सहा जण दिले. यापेक्षा जास्त नावे घेऊ नयेत, कारण मग फोन उरकला जातो. फोन ठरावीक दिवशी आणि ठरावीक वेळी करावा, एकट्या माणसासाठी तो फोन कधी येणार हे ठाऊक असणे फोनइतकेच महत्त्वाचे असते. ‘कसे आहात’ या प्रश्नाला सगळे ‘ठीक’ एवढेच म्हणतात, तेव्हा तिथून सुरुवात न करता फुटबॉलपासून करावी. पाहिलेला पहिला सामना कोणता, तेव्हा मैदानात कोणासोबत आला होतात, मुख्य स्टँड लाकडी होता तेव्हा पावसात काय व्हायचे, असे विचारावे. माणूस बोलता झाला की औषधे संपली आहेत, किराणा कोण आणून देते, चार दिवसांत कोणाशीच बोलणे झालेले नाही, हे आपोआप बाहेर येते.

हे शहाणपण आमचे नव्हे. ग्लासगोच्या हॅम्पडन पार्क या राष्ट्रीय मैदानावरील स्कॉटिश फुटबॉल संग्रहालय आणि अल्झायमर स्कॉटलंड ही संस्था मिळून स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींसाठी जुन्या सामन्यांच्या आठवणींचे वर्ग अनेक वर्षे चालवत आली आहेत. जुने छायाचित्र किंवा सामन्याची पुस्तिका हातात दिली की सकाळचा नाश्ता न आठवणारा माणूस अर्धशतकापूर्वीच्या संघातले अकरा खेळाडू घडाघडा सांगतो. टाळेबंदीत प्रत्यक्ष वर्ग भरवता येत नसत, तेव्हा आमच्यापैकी काहींनी जुन्या पुस्तिकांच्या प्रती पाकिटात घालून टपालाने पाठवल्या. खर्च टपालाच्या तिकिटाचा, आणि उत्तरादाखल आलेली थरथरत्या अक्षरांतली पत्रे मी जपून ठेवली आहेत.

किराणा आणि औषधे पोहोचवण्याचे काम बहुतेक क्लबांच्या सामाजिक विश्वस्त संस्थांनी चांगले केले, त्यात सामील व्हावे आणि समांतर नवा गट उभा करू नये, एवढेच सांगते.

मतदान आणि गणित समजून घ्यावे

मैदानावर खेळ नसतो तेव्हा निकाल बैठकांत लागतात, आणि समर्थकाला ते बैठकांचे नियम समजत नसतील तर त्याच्या हातात फक्त संताप उरतो. एप्रिल २०२० मधला ठराव यासाठी अभ्यासण्यासारखा आहे. खालच्या तिन्ही श्रेणींचा हंगाम तिथेच संपवावा आणि प्रत्येक संघाच्या गुणांना झालेल्या सामन्यांच्या संख्येने भागून अंतिम क्रम लावावा, असा तो प्रस्ताव होता. तो मंजूर होण्यासाठी प्रीमियरशिपच्या १२ पैकी ९, चॅम्पियनशिपच्या १० पैकी ८ आणि लीग वन व लीग टू मिळून २० पैकी १५ क्लबांचा होकार लागत होता. १० एप्रिलच्या संध्याकाळी पाचपर्यंत मत देण्याची विनंती केली होती. डंडी क्लबचे होकाराचे मत १५ एप्रिलला आले आणि ठराव मंजूर झाला.

आता भागाकार पाहावा. चॅम्पियनशिपमध्ये पार्टिक थिसलचे २७ सामन्यांत २६ गुण होते, म्हणजे सामन्यामागे सुमारे ०.९६. त्यांच्या वर असलेल्या क्वीन ऑफ द साउथचे २८ सामन्यांत २८ गुण, म्हणजे बरोबर १. फरक दोन गुणांचा आणि पार्टिक थिसलचा एक सामना कमी झालेला, तरीही भागाकाराने ते शेवटचे ठरले आणि खाली उतरले. १८ मे रोजी प्रीमियरशिपही संपवली गेली. सेल्टिक सलग नवव्यांदा विजेते ठरले आणि ३० सामन्यांत २३ गुण मिळवलेले हार्ट्स, तितक्याच सामन्यांत २७ गुण असलेल्या हॅमिल्टनपेक्षा चार गुणांनी मागे राहून, आठ सामने बाकी असताना खाली गेले. हार्ट्स आणि पार्टिक थिसल न्यायालयात गेले, प्रकरण फुटबॉल असोसिएशनच्या लवादाकडे आले आणि जुलै २०२० मध्ये निर्णय त्यांच्या विरोधात लागला. त्या लढाईत वर चढलेल्या डंडी युनायटेड, रेथ रोव्हर्स आणि कोव्ह रेंजर्स यांनाही वकिलांवर खर्च करावा लागला, तोही नेमका फाटक बंद असताना. पुढच्या वर्षी हार्ट्स आणि पार्टिक थिसल आपापली श्रेणी जिंकून वर आले. पण मधल्या काळात गेलेले करार आणि नोकऱ्या त्याने भरून निघाल्या असे मी म्हणणार नाही.

यातून समर्थकाने करण्याजोगे काय, तर मत क्लबचे संचालक मंडळ देते, म्हणून प्रश्न आपल्याच मंडळाला विचारावा. तो मतदानाच्या आधी विचारावा, शक्यतो समर्थक संघटनेच्या एकाच सहीच्या पत्राने. आपण कोणत्या बाजूने मत देणार, त्यामागचे कारण काय, नकार दिल्यास हंगामाअखेरीची बक्षीस रक्कम मिळायला किती उशीर होईल आणि तो उशीर क्लबला सोसवेल का, असे चार प्रश्न पुरतात. शेवटचा प्रश्न अनेकांना गैर वाटतो, कारण न्यायाच्या गोष्टीत पैसा आणू नये असे आपले मन सांगते. परंतु त्या एप्रिलमध्ये लहान क्लबांच्या संचालकांसमोर मे महिन्याचे पगार होते आणि हंगाम संपल्याचे जाहीर झाल्याशिवाय ते पैसे वाटले जाणार नव्हते. हे समजले की त्यांच्या मताशी असहमत राहूनही त्यांच्याशी बोलता येते. दुसऱ्या क्लबच्या संचालकांना किंवा त्यांच्या घरच्यांना शिवीगाळ करणारे संदेश पाठवणे हे कोणत्याही बाजूने समर्थन नव्हे, आणि असे कोणी आपल्या गटात करत असेल तर त्याला तिथेच थांबवावे.

जिंकल्यावर घरी राहणे

हा भाग लिहायला मला सर्वांत अवघड जातो. २ नोव्हेंबर २०२० पासून स्कॉटलंडमध्ये ० ते ४ असे निर्बंधांचे पाच स्तर लागू झाले, वरच्या स्तरांत आपल्या स्थानिक परिषदेचा विभाग सोडून प्रवास करायलाही बंदी आली आणि जानेवारीत मुख्य भूमीवर पुन्हा घरातच राहण्याचा आदेश झाला. त्याच हिवाळ्यात काही समर्थकांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे क्षण आले. रेंजर्सने १० वर्षांनी लीग जिंकली, तीही एकही सामना न हरता आणि १०२ गुणांनी, आणि मार्च २०२१ मध्ये हजारो लोक आयब्रॉक्सबाहेर आणि ग्लासगोच्या जॉर्ज चौकात जमले. त्यांचा आनंद मला समजतो. पण त्या आठवड्यात रुग्णालयांत नातेवाइकांना एरवीसारखी भेटीची मुभा नव्हती, आणि म्हणून ती गर्दी चुकीची होती असेच मी म्हणेन.

त्याउलट पर्थच्या सेंट जॉनस्टनकडे पाहावे. या क्लबने २८ फेब्रुवारी २०२१ रोजी लीग कप आणि २२ मे २०२१ रोजी स्कॉटिश कप, असे एकाच हंगामात दोन्ही चषक जिंकले. दोन्ही अंतिम सामने १-० ने सुटले, दोन्हींत गोल शॉन रूनीचा, आणि दोन्ही वेळा हॅम्पडनचे स्टँड रिकामे होते. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते घडले आणि ते पाहायला मैदानात एकही समर्थक नव्हता. असे आपल्या वाट्याला आले तर काय करावे? खिडकीत झेंडा लावावा, ठरलेल्या वेळी दारात उभे राहून शेजाऱ्यांसोबत गाणे म्हणावे, आणि त्या दिवसाचे वर्णन त्याच रात्री, कोण कुठल्या खोलीत होते आणि कोणाला पहिला फोन केला इथपर्यंत, लिहून काढावे. स्टँडमधली आठवण हजारोंची मिळून असते, म्हणून ती टिकते. घरातली आठवण एकट्याची असते आणि लिहिली नाही तर विरून जाते. क्लबने ती पत्रे गोळा केली तर संग्रहात ठेवायला त्या वर्षाचे तेवढेच खरे साहित्य असेल.

परत जाताना

परतीचा मार्ग सरळ नसतो, हे आधीच मनाशी धरावे. १२ सप्टेंबर २०२० रोजी ॲबरडीनच्या पिटोड्री मैदानावर आणि डिंगवॉल गावात चाचणी म्हणून प्रत्येकी ३०० प्रेक्षकांना आत सोडले, तेव्हा सगळ्यांना वाटले की आता महिन्याभराचा प्रश्न आहे. प्रत्यक्षात जवळजवळ वर्ष गेले. जून २०२१ मध्ये युरो स्पर्धेचे सामने हॅम्पडनवर मर्यादित, सुमारे १२,००० प्रेक्षकांसमोर झाले आणि ऑगस्टमध्ये बहुतेक निर्बंध उठले. १ ऑक्टोबरपासून १०,००० हून अधिक गर्दीच्या कार्यक्रमांना लसीकरणाचा दाखला आवश्यक ठरला. मग ओमायक्रॉन आला आणि २६ डिसेंबर २०२१ पासून मैदानात पुन्हा फक्त ५०० जणांना परवानगी राहिली, ती मर्यादा १७ जानेवारी २०२२ ला उठली.

मोजक्याच जागा असतात तेव्हा क्लब सोडत काढतो. आपले नाव निघाले आणि जाण्याची मनापासून इच्छा नसेल तर तिकीट मित्राला परस्पर देऊ नये, क्लबला परत करावे, कारण संपर्काचा माग ठेवण्यासाठी आत कोण आहे हे त्यांना ठाऊक असावे लागते. दाखला, मास्क आणि आत जाण्याची ठरवून दिलेली वेळ यांबाबत फाटकावरच्या स्वयंसेवकाशी वाद घालू नये, नियम त्याने केलेला नसतो.

आणि ज्यांना परत यायची भीती वाटते त्यांना घाई करू नये. माझ्या शेजारचे ते गृहस्थ ऑगस्टमध्ये आले नाहीत, सप्टेंबरमध्येही आले नाहीत. गर्दीत श्वास कोंडेल असे त्यांना वाटत होते. आम्ही शनिवारचा फोन चालूच ठेवला आणि क्लबला सांगून त्यांचे आसन दुसऱ्या कोणाला देऊ दिले नाही. शेवटी ऑक्टोबरमधल्या एका सामन्याला मी त्यांना घ्यायला गेले. अशा वेळी फाटक उघडताच, रांग लागण्याआधी आत जावे, आसन आतल्या बाजूचे असेल तर पहिल्या दिवसापुरते कडेचे मागून घ्यावे, मध्यंतरातला पाय आपण रांगेत उभे राहून आणून द्यावा आणि शेवटची दहा मिनिटे बाकी असताना निघायचे का, हे त्यांना हळूच विचारावे. त्यांनी मान हलवून नाही म्हटले आणि आम्ही शिट्टी वाजेपर्यंत बसलो.